एसएसीडीच्या आयएसओमधला सराउंड आवाज घरच्या स्पीकरांपर्यंत कसा न्यायचा

सॉफ्टवेअर शोधायच्या आधी घरातला रिसीव्हर (सगळे स्पीकर ज्याला जोडलेले असतात तो अँप्लिफायर) भिंतीपासून पुढे ओढा आणि त्याची पाठ बघा. एचडीएमआयचं इनपुट आहे का? की नुसतं ऑप्टिकल (प्रकाशाच्या तारेचं)? मागच्या स्पीकरांच्या तारा खरंच जोडलेल्या आहेत का, की फर्निचर हलवताना कुणीतरी काढून ठेवल्यात? आयएसओचं, म्हणजे एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) या तबकडीची हुबेहूब प्रत असलेल्या फाइलीचं, रूपांतर कशात करायचं, हे या पाठीवरच ठरतं. माझ्याकडे जे जे विचारायला येतात त्यांना मी आधी घरी जाऊन रिसीव्हरच्या पाठीचा फोटो काढून आणायला सांगते.

मी कोथरूडला राहते. पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवलं, आणि त्यात ध्वनी हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. थोरला भाऊ नोकरीनिमित्त युरोपात होता. दादाने तिथे जमवलेल्या एसएसीडी आता माझ्याकडे आहेत, बहुतेक पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या. त्या वाजवणारे प्लेअर हळूहळू बाजारातून गेले, म्हणून त्यांच्या इमेज, म्हणजे आयएसओ फाइली, करून ठेवल्या. इमेज कशी काढायची हा वेगळा विषय आहे. संगणकाच्या नेहमीच्या डीव्हीडी ड्राइव्हला एसएसीडीचा थर वाचताच येत नाही, त्याला ठरावीक जुनी यंत्रं लागतात. इथे मी आयएसओ हाताशी आहे असं धरून लिहिते आहे, आणि तीही स्वतः विकत घेतलेल्या तबकडीची. नेटवर दुसऱ्याने चढवलेली इमेज उतरवून घ्यायला मी कुणालाच मदत करत नाही.

आयएसओच्या आत काय असतं

एसएसीडी सोनी आणि फिलिप्स यांनी १९९९ मध्ये आणली. सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा. एसएसीडीतला आवाज डीएसडी नावाच्या पद्धतीचा, एकाच बिटाचा असतो, पण सेकंदाला २८,२२,४०० वेळा, म्हणजे सीडीच्या ६४ पट वेगाने घेतलेला. तबकडीवर दोन वेगळे विभाग असू शकतात, एक स्टिरिओचा आणि एक मल्टिचॅनलचा. मल्टिचॅनल म्हणजे जास्तीत जास्त सहा वाहिन्या (प्रत्येक स्पीकरचा वेगळा आवाज). सहा वाहिन्यांचा तासाभराचा डीएसडी साडेसात जीबीच्या वर जातो आणि तबकडीची मावण्याची हद्द ४.७ जीबी. म्हणून मल्टिचॅनल विभाग डीएसटी नावाच्या पद्धतीने आवळलेला असतो. झिप फाइलसारखंच, उलगडल्यावर एकही बिट गमावलेला नसतो.

हायब्रिड तबकडीवर सीडीचाही थर असतो, पण तो या आयएसओत येत नाही. गाडीत ऐकायचं असेल तर आयएसओपाशी खटपट करूच नका. तीच तबकडी संगणकाच्या साध्या ड्राइव्हमध्ये घाला, सीडीचा थर नेहमीसारखा रिप करा आणि पेन ड्राइव्हवर टाका. सिंहगड रोडच्या वाहतुकीत त्याहून जास्त काही ऐकू येणार नाही.

कुणी कशात बदलायचं

एचडीएमआयचा रिसीव्हर आणि संगणक किंवा मीडिया प्लेअर असेल तर सहा वाहिन्यांचा फ्लॅक (काही न गमावता आवळलेली आवाजाची फाइल), २४ बिट, ८८.२ किलोहर्ट्झ. बहुतेक घरांसाठी हेच उत्तर आहे आणि हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे. हेडफोनसाठी डीएसडी वाजवणारा डॅक (डिजिटल आवाज हेडफोनला ऐकवता येईल असा करणारं यंत्र) घेतला असेल तर स्टिरिओ विभागाच्या डीएसएफ फाइल काढा, त्यात डीएसडी आवाज तसाच राहतो. मल्टिचॅनल मिसळून दोन वाहिन्या करत बसू नका. बहुतेक तबकड्यांवर स्टिरिओचं वेगळं मिश्रण असतंच, ते स्टुडिओत माणसाने कानाने ऐकून केलेलं असतं. जुना, फक्त ऑप्टिकल असलेला होम थिएटर असेल तर डॉल्बी डिजिटल, त्याबद्दल शेवटी.

१७६.४ किलोहर्ट्झ का नको, असं हमखास विचारतात. डीएसडीत एकच बिट असल्यामुळे गोंगाट भरपूर होतो. तो गणिताने ऐकू येणाऱ्या पट्ट्यातून वर ढकललेला असतो आणि २५ किलोहर्ट्झच्या आसपासून चढत जातो. ८८.२ ला ४४.१ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा मिळतो. संगीत सगळं आत राहतं आणि त्या गोंगाटाचा मोठा हिस्सा बाहेर पडतो. १७६.४ घेतलंत तर दुप्पट जागा देऊन तुम्ही प्रामुख्याने गोंगाटच साठवता, आणि तो ट्वीटरकडे (उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरकडे) जातो. ९६ सुद्धा नको. ८८.२ हा मूळ वेगाचा बरोबर ३२ वा भाग आहे, हिशोब सरळ बसतो. मीडिया प्लेअर ८८.२ घेतच नसेल तरच ९६.

पहिली पायरी: आयएसओतून डीएसएफ

एसएसीडी-एक्स्ट्रॅक्ट हा फुकट मिळणारा छोटा प्रोग्रॅम विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. त्याला खिडकी नाही, कमांड लिहावी लागते. आधी छोट्या आयने (-i) आयएसओचं नाव द्या आणि कॅपिटल पी (-P) लावून नुसती माहिती छापून घ्या. मल्टिचॅनल विभाग आहे का, किती वाहिन्यांचा आहे आणि ट्रॅक किती, हे दिसतं. हे टाळून पुढे जाऊ नका. सगळ्या तबकड्या ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) नसतात. आरसीएच्या लिव्हिंग स्टिरिओ मालिकेत १९५० च्या दशकातली तीन ट्रॅकवर केलेली ध्वनिमुद्रणं आहेत, तिथे पुढच्या तीनच स्पीकरांतून आवाज येतो. पेंटाटोनने १९७० च्या दशकातली फिलिप्सची क्वाड्रोफोनिक (चार वाहिन्यांची) ध्वनिमुद्रणं काढली, तिथे मधला स्पीकर आणि सबवूफर गप्प. हे आधी ठाऊक नसेल तर माणूस अख्खी संध्याकाळ निर्दोष केबल बदलत बसतो.

मग छोटा एम (-m) म्हणजे मल्टिचॅनल आणि छोटा एस (-s) म्हणजे डीएसएफ, एवढं लावून तीच कमांड पुन्हा चालवा. डीएसएफमध्ये आवळलेला डेटा ठेवायची सोय नाही, त्यामुळे डीएसटी उलगडूनच फाइली येतात. डिस्कवर तेवढी जागा मोकळी ठेवा. डीएफएफ हा दुसरा पर्याय दिसेल, पण त्यात कलाकार, रचना वगैरे माहिती लिहिण्याची एकसारखी पद्धत नाही. डीएसएफमध्ये ती नीट बसते, देवनागरीतसुद्धा. आयएसओचं आणि फोल्डरचं नाव मात्र या पायरीपुरतं साध्या इंग्रजी अक्षरांत, जागा न सोडता ठेवा.

दुसरी पायरी: डीएसएफवरून फ्लॅक

विंडोजवाल्यांनी फूबार २००० हा संगीत वाजवणारा प्रोग्रॅम घ्यावा आणि त्यात एसएसीडीचं प्लगइन बसवावं. हे प्लगइन आयएसओ थेट उघडतं, त्यामुळे पहिली पायरीही वगळता येते. प्रेफरन्सेसमध्ये टूल्सखाली एसएसीडीचं पान आहे. तिथे आउटपुट पीसीएम (सीडीसारखा नमुन्यांचा आवाज), सँपल रेट ८८,२०० आणि एरिया मल्टिचॅनल निवडा. एरिया तसाच सोडला तर यादीत प्रत्येक ट्रॅक दोनदा दिसतो, एकदा स्टिरिओ, एकदा सराउंड, आणि गोंधळ होतो. मग सगळे ट्रॅक निवडून उजवं क्लिक, कन्व्हर्ट, फ्लॅक, २४ बिट. फ्लॅकसाठी फूबारचा एन्कोडर पॅक वेगळा उतरवावा लागतो, तोही फुकट आहे.

मॅक आणि लिनक्सवर एफएफएमपेग हा कमांडने चालणारा प्रोग्रॅम. तो एसएसीडीची आयएसओ वाचत नाही, डीएसएफ मात्र व्यवस्थित वाचतो. आत तो डीएसडीचं आधी ३५२.८ किलोहर्ट्झचं पीसीएम करतो, पुढे रीसँपल करून (नमुन्यांचा वेग बदलून) ८८,२०० वर आणायचं काम तुम्ही सांगायचं. नमुन्याचा प्रकार एस३२ लिहा, फ्लॅक २४ बिटांचाच बनतो.

आता आवाजाची पातळी. माझ्या मते सगळ्या कामात सर्वांत जास्त लक्ष इथे द्यावं. एसएसीडीच्या मानकात शून्य डेसिबल म्हणजे डीएसडीच्या पूर्ण क्षमतेच्या निम्मी पातळी. त्यामुळे सरळ रूपांतर केलं की फ्लॅक सीडीपेक्षा ६ डेसिबलने हळू वाजतो, आणि लोकांना वाटतं रूपांतर बिघडलं. प्लगइनमध्ये ६ डेसिबल वाढवायची सोय आहे, एफएफएमपेगमध्ये व्हॉल्यूम फिल्टरने तेच करता येतं. पण मानक शून्याच्या वर ३.१ डेसिबलपर्यंतची शिखरं चालवून घेतं. ६ वाढवलेत आणि तबकडीत अशी शिखरं असली तर ती कापली जातात, आणि टिंपनीच्या (ऑर्केस्ट्रातल्या मोठ्या नगाऱ्याच्या) ठोक्याला कर्र असा आवाज येतो. म्हणून आधी काहीही न वाढवता मोजा. एफएफएमपेगच्या व्हॉल्यूमडिटेक्टमध्ये प्रत्येक ट्रॅकचं सर्वोच्च शिखर कळतं. संपूर्ण तबकडीतलं सगळ्यात उंच शिखर घ्या, ते शून्याच्या थोडं खाली राहील एवढीच वाढ ठरवा आणि तीच सगळ्या ट्रॅकना द्या. मोजायचा कंटाळा असेल तर काही वाढवू नका, रिसीव्हरचं बटण फिरवा. २४ बिटांत ६ डेसिबल खाली राहिल्याने काही बिघडत नाही.

प्रत्येक ट्रॅक वेगळा नॉर्मलाइझ करणं मात्र कधीच नाही. सिंफनीची दुसरी चाल (मूव्हमेंट, म्हणजे रचनेचा भाग) हळू आहे कारण ती हळूच आहे. तिला पहिलीच्या बरोबरीला आणून बसवणं म्हणजे कंडक्टरचं काम पुसणं, मला ते सहन होत नाही. तोच नियम मागच्या स्पीकरांना. शास्त्रीय ध्वनिमुद्रणात मागच्या वाहिन्यांत बहुतेक वेळा सभागृहाचा परतावा असतो, वादक नसतात. बालगंधर्व रंगमंदिरात टाळ्या थांबून पहिला स्वर लागतो तेव्हा मागच्या भिंतीकडून जे जाणवतं, तेवढंच. कान लावून ‘ऐकू येत नाही’ म्हणून ते वाढवू नका. मागचे बंद करून बघा, खोली एकदम लहान झाल्यासारखी वाटेल. एलएफई (सबवूफरच्या खर्जाच्या) वाहिनीलाही रूपांतरात हात लावायचा नाही, कमीजास्त काय ते रिसीव्हरवर करा.

ट्रॅक एकमेकांना जोडलेले असतील, थेट मैफलीचं ध्वनिमुद्रण किंवा न थांबता पुढे जाणाऱ्या चाली, तर सुटे ट्रॅक रूपांतरित केल्यावर सांध्यावर टिक असा आवाज येऊ शकतो. डीएसएफ ठरावीक मापाच्या ठोकळ्यांत लिहिलेली असते आणि शेवटचा ठोकळा भरायला शून्यं घातली जातात. शिवाय प्रत्येक फाइलला फिल्टर नव्याने सुरू होतो. उपाय असा की अख्खी तबकडी एकच फाइल म्हणून काढायची. फूबारमध्ये सगळे ट्रॅक एका फाइलीत जोडण्याचा पर्याय आहे. एसएसीडी-एक्स्ट्रॅक्टमध्ये छोटा ई (-e) लावला तर एकसंध डीएफएफ मिळते, कॅपिटल सी (-C) लावला तर सोबत क्यू शीट (कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो याची यादी). तेवढ्यापुरता डीएफएफ मला मान्य आहे. फ्लॅक झाल्यावर क्यू शीटनुसार तुकडे करा, किंवा करूच नका.

वेळ लागतो, विशेषतः डीएसटी उलगडायला. आपल्याकडे पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, तेव्हा यूपीएस नसेल तर बुधवारी रात्री मोठी रांग लावून झोपू नका. अर्धवट राहिलेली फ्लॅक वरून धडधाकट दिसते आणि कधीतरी मध्येच संपते. रूपांतर झालं की प्रत्येक ट्रॅकची लांबी मूळ लांबीशी ताडून बघा.

तपासणी

फ्लॅक ऑडॅसिटी या आवाजाच्या लाटा दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा. सहा वाहिन्या सहा ओळींत दिसतील: पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, एलएफई, मागचा डावा, मागचा उजवा. एसएसीडीचा क्रमही हाच आहे, त्यामुळे अदलाबदल व्हायचं कारण नाही. तरी चौथी ओळ बघाच. तिथे रुंद, संथ लाटा किंवा सपाट रेघ हवी. तिथे गायिकेचा आवाज दिसला तर साखळीत कुठेतरी क्रम हलला आहे.

मग रिसीव्हर. विंडोजमध्ये स्पीकरांची मांडणी ५.१ वर ठेवा आणि फूबारचं आउटपुट वसापी एक्सक्लुझिव्हवर, नाहीतर विंडोज सगळं आपल्या ठरलेल्या रेटला बदलून पाठवतं. रिसीव्हरच्या पडद्यावर मल्टिचॅनल पीसीएम आणि ८८.२ दिसायला हवं. ४८ दिसलं तर मधलं यंत्र रीसँपल करतंय. काही अँड्रॉइड बॉक्स हेच करतात. रिसीव्हरच्या यूएसबीत पेन ड्राइव्ह लावून मल्टिचॅनल वाजेल अशी आशा धरू नका, बऱ्याच रिसीव्हरांचं यूएसबी फक्त स्टिरिओच ओळखतं.

फक्त ऑप्टिकल असलेल्यांसाठी

ऑप्टिकल तारेतून पीसीएमच्या दोनच वाहिन्या जातात. सहा पाठवायच्या तर त्या डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये आवळाव्या लागतात, आणि इथे खरोखरच काही गमावलं जातं. तयार झालेल्या फ्लॅकवरून एफएफएमपेगने एसी३ (डॉल्बी डिजिटलची फाइल) बनवा, ४८ किलोहर्ट्झ, ६४० किलोबिट. त्याहून वर डॉल्बी डिजिटल जात नाही. डीव्हीडीवर ४४८ पर्यंतच जातं, म्हणजे हे त्यापेक्षा बरं. प्लेअरमध्ये पासथ्रू (आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवणं) चालू करा, रिसीव्हरवर डॉल्बीचा दिवा लागला पाहिजे. तार पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळते. महागडी घेण्याची गरज नाही, फक्त टोकं घट्ट बसतात का ते दुकानातच बघा. मागच्या दोन स्पीकरांतून सभागृह ऐकू यायला लागलं की या मार्गावरही समाधान मिळतं, आमच्या सोसायटीत दोन घरी हेच चालतं.

डीएसएफ नंतर पुसल्या तरी चालतील. आयएसओ मात्र दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. माझी भाच्याकडे औंधला असते. फ्लॅक कधीही पुन्हा करता येतो, तबकडी वाजवणारं यंत्र पुन्हा मिळेल याची खात्री नाही.