योजनेचं नाव शेवटी विचारा: बाईनं धंद्यासाठी कर्ज काढताना

माझ्या टेबलाशी येणाऱ्या बहुतेक ताया पहिल्यांदा हेच विचारतात, "बायांसाठी सध्या कुठली योजना आलीय?" मी बँक सखी आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाखेत बसते. बचत गटांची कर्जप्रकरणं तयार करून देणं आणि हप्ते वेळेवर भरले जातात का ते बघणं, हे माझं काम. त्या प्रश्नाला मी लगेच उत्तर देत नाही. आधी विचारते, पैसा नेमका कशाला हवाय आणि हप्ता कुठल्या महिन्यात कशातून निघणार? हे कागदावर उतरलं की योजना कुठली ते दहा मिनिटांत ठरतं. अनुदान बघून धंदा ठरवला, तर पुढं काय होतं तेही मी पाहिलंय. मशीन ताडपत्रीखाली आणि हप्ता नवऱ्याच्या मजुरीतून.

आधी वही

मिरची कांडपाचं उदाहरण घेते, आमच्याकडं ते फार चालतं. समजा यंत्र, मोटर, वायरिंग आणि शेडची डागडुजी धरून १,००,००० रुपये लागणार आहेत. व्याज १२ टक्के आणि मुदत दोन वर्षं धरली, तर महिन्याचा हप्ता ४,७०७ रुपये बसतो.

आता धंद्याकडं बघा. होळीपासून मृग लागेपर्यंत साधारण तीन महिने कांडपाला उसंत नसते. रोज २५ किलो, किलोला ४० रुपये मजुरी आणि महिन्याचे २५ दिवस धरले, तर २५,००० रुपये येतात. वीजबिल आणि मदतनीस बाईचे मिळून ९,००० गेले की १६,००० उरतात. पण पाऊस लागला की गिऱ्हाईक कमी होतं. मग महिन्याला कसेबसे २,५०० सुटतात आणि हप्ता मात्र तेवढाच असतो. म्हणजे नऊ महिने दरमहा २,२०० रुपये कमी पडणार, आणि ते उन्हाळ्यातल्या पैशातून आधीच बाजूला काढलेले असले पाहिजेत. असे जवळपास २०,००० बाजूला ठेवल्यावर वर्षाकाठी हातात राहतात सुमारे १४,०००.

हेच कर्ज तीन वर्षांच्या मुदतीनं घेतलं, तर हप्ता ३,३२१ होतो. तूट महिन्याला आठशेच्या आसपास येते आणि वर्षाला हातात राहतात ३०,००० च्या वर. एकूण व्याज साधारण ६,६०० रुपये जास्त जातं. माझं मत विचाराल तर पहिल्या कर्जाला मुदत लांबच घ्या. व्याज थोडं जास्त गेलं तरी चालेल, पण पहिल्याच पावसाळ्यात हप्ता थकायला नको. फेडायची ताकद आली की मुदतीआधी भरता येतं. त्याला दंड लागतो का, ते सही करण्याआधी विचारून घ्या.

ही वही दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ नका. दोनशे रुपयांत "प्रोजेक्ट रिपोर्ट" छापून देणारे असतात, त्यात बाराही महिने सारखीच विक्री दाखवलेली असते. बँकेतल्या साहेबांनी विचारलं, "श्रावणात काय करणार?" तर उत्तर तुमच्याकडं हवं.

आणखी एक गोष्ट वहीतूनच कळते. यंत्राला लागणारा पैसा आणि मालाला लागणारा पैसा हे दोन वेगळे आहेत. तुम्ही नुसती मजुरी घेऊन कांडप करणार असाल, तर यंत्रापुरतं मुदत कर्ज पुरे. पण स्वतः ब्याडगी-संकेश्वरी भरून ठेवून चटणी विकणार असाल, तर मिरची स्वस्त असताना एकरकमी पैसा लागतो आणि तो वर्षभर थोडा थोडा परत येतो. त्यासाठी बँकेकडं कॅश क्रेडिट मागा, ज्याला आपण सीसी म्हणतो. त्यात जेवढी रक्कम उचलली आणि जितके दिवस वापरली, तेवढ्याचंच व्याज लागतं. बऱ्याच जणी एकच मुदत कर्ज घेतात, सगळं यंत्रात घालतात आणि माल भरायला सावकार गाठतात.

व्याज कसं विचारायचं

"किती टक्के?" एवढंच विचारून भागत नाही. "फ्लॅट की घटत्या शिल्लकीवर?" हे विचारायचं. फ्लॅट म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर व्याज, घटत्या शिल्लकीवर म्हणजे फेडायच्या राहिलेल्या रकमेवरच. वरच्याच १,००,००० वर दोन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅट म्हणजे २४,००० व्याज आणि ५,१६७ चा हप्ता. घटत्या शिल्लकीवर त्याच १२ टक्क्यांचं व्याज होतं १२,९७६. टक्का दोन्हीकडं तोच सांगितला जातो, पण फ्लॅटचे १२ म्हणजे खरे साडेएकवीसच्या आसपास पडतात. आता कर्ज देणाऱ्यानं सगळा खर्च धरून वार्षिक दर दाखवणारा माहितीचा कागद आधी द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मागा. प्रक्रिया शुल्क आणि विमा मूळ रकमेतून कापून घेतात का, तेही त्यातच दिसतं.

हिशोब आपल्याला जमायचा नाही असं कुणी म्हणालं की मी म्हसवडच्या बायांची गोष्ट सांगते. सातारा जिल्ह्यातल्या माणदेशी महिला सहकारी बँकेचा परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला होता, कारण प्रवर्तक बायांपैकी बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. बाया पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तुमच्या अधिकाऱ्यांनाही तेच गणित घाला, बघू कोण आधी सांगतं. १९९७ मध्ये ती बँक सुरू झाली.

पहिली पायरी बहुतेकींसाठी गटच

लाखाच्या आतली गरज असेल आणि धंदा नवा असेल, तर गटाच्या कर्जाइतकं स्वस्त आणि समजून घेणारं दुसरं काही नाही. ग्रामीण भागात उमेद आणि माविम या दोघांचे गट आहेत. उमेद म्हणजे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान, आणि माविम म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, १९७५ पासूनचं. गट सहा महिने नीट चालला, म्हणजे नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब ही पंचसूत्री पाळली, की बँकेच्या कर्जाला पात्र होतो. हे सहा महिने वहीवरून मोजायचे असतात, खातं उघडल्याच्या तारखेपासून नाही. पहिल्या वेळी गटाच्या एकूण निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यातलं जास्त असेल ते, असा हिशोब असतो. १० लाखांपर्यंत तारण नाही, आणि गटाची बचत अडकवून ठेवायचीही नाही. नियम असा असूनही काही शाखा बचतीला हात लावू देत नाहीत. तसं झालं तर ग्रामसंघाचा, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाचा, ठराव घेऊन या, तोंडी भांडू नका.

३ लाखांपर्यंतच्या गटकर्जाला व्याज ७ टक्क्यांपर्यंतच असतं, कारण फरक सरकार भरतं. पण खातं थकीत असेल तर ही सवलत मिळत नाही. एकीचा हप्ता चुकला तर दहा जणींची सवलत जाते. म्हणून बैठकीत कर्ज वाटताना लाज बाजूला ठेवून विचारा, पैसा कशात घालणार? सगळ्यांना सारखं वाटून टाकणं मला अजिबात पटत नाही. जिचा धंदा उभा राहतोय तिला जास्त द्या, बाकीच्यांची पाळी पुढच्या कर्जाला.

दारात येऊन कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्यांचे गट वेगळे, ही गल्लत करू नका. तिथं बचत नसते, व्याज सहसा वीस टक्क्यांच्या पुढं असतं, आणि एकीनं भरलं नाही तर बाकीच्यांच्या दारात बसतात. घेतलंच असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, आणि वसुलीला सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर कुणी येऊ शकत नाही. दोन्ही रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत.

मुद्रा आणि अनुदानाच्या योजना

गटात नाव झालं आणि स्वतःच्या नावावर कर्ज हवं असेल, तर मुद्रा, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची प्रधानमंत्री मुद्रा योजना. ५०,००० पर्यंत शिशु, त्यापुढं ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण. तरुण कर्ज नीट फेडलेलीला २० लाखांपर्यंत मिळू शकतं. तारण लागत नाही. आणि हे अनुदान नाही, सगळं फेडायचं असतं, हे मला आजही रोज सांगावं लागतं. मुद्राला एजंट नसतो. बँक, ग्रामीण बँक, सहकारी बँक, जिथं तुमचं चालू व्यवहाराचं खातं आहे तिथंच जा, कारण तिथं तुमची उलाढाल दिसते. नवऱ्याची सही लागतेच असाही मुद्राचा नियम नाही.

खरं अनुदान हवं असेल तर पीएमईजीपी, म्हणजे प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम बघा. उत्पादनाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प, सेवेला २० लाखांपर्यंत. बाईला ग्रामीण भागात ३५ टक्के, शहरात २५ टक्के अनुदान, आणि स्वतःचे फक्त ५ टक्के घालायचे. म्हणजे गावात १० लाखांचा प्रकल्प असेल तर तुमचे ५०,०००, बँकेचे साडेनऊ लाख, आणि त्यापोटी साडेतीन लाखांचं अनुदान. पण ते हातात येत नाही. बँकेत तीन वर्षं तुमच्या नावानं ठेव म्हणून राहतं, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि धंदा चालू असल्याची तपासणी झाली की कर्जात वळतं होतं. मध्येच बंद केलात तर ते परत जातं. उत्पादनात १० लाखांच्या किंवा सेवेत ५ लाखांच्या वरच्या प्रकल्पाला आठवी पास लागते. आणि हे विशेष लक्षात ठेवा: योजना नव्या उद्योगासाठी आहे. अर्ज मंजूर व्हायच्या आधीच उत्साहात यंत्र आणून धंदा सुरू केला, तर प्रकरण बाद होतं. अर्ज ऑनलाइन असतो, चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात किंवा खादी ग्रामोद्योग मंडळात करायची. राज्याची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजनाही तिथंच आहे, तिच्यात ३० टक्के जागा महिलांना राखीव आहेत.

लोणचं, पापड, मसाला, चटणी असं खाण्याचं काही करत असाल, तर कृषी कार्यालयात सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेचं विचारा. ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान, आणि चालू धंदा वाढवायलाही चालतं. गटातल्या प्रत्येक सभासदाला ४०,००० पर्यंत बीज भांडवलही त्यातच आहे. प्रकल्प अहवाल करून द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती असते, तिचं मानधन सरकार देतं, तुम्ही द्यायचं नाही. शिवणकाम, हार-फुलं, बुरुडकाम, कुंभारकाम करणारीला पीएम विश्वकर्मामध्ये आधी १ लाख, मग २ लाख, ५ टक्के व्याजानं मिळतात.

कागद

आधार, पॅन, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, यंत्राचं कोटेशन आणि जागेचा पुरावा, म्हणजे घरपट्टीची पावती किंवा भाडेकरार. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि पूर्ण फुकट आहे, त्यासाठी कुणाला पाचशे देऊ नका. खाण्याच्या पदार्थांना अन्न सुरक्षा नोंदणी लागते. घरपट्टी सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र आधीच घ्या, बरीच प्रकरणं एवढ्यावरच अडतात.

अर्जाआधी आपला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या सगळ्या कर्जांचा आणि परतफेडीचा तक्ता, काढून बघा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. दिराला, भावाला, शेजारणीला आपल्या नावावर काढून दिलेलं कर्ज तिथं थकीत म्हणून बसलेलं असतं, आणि बाईला त्याचा पत्ता बँकेत लागतो. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता हात जोडून सांगते: आपल्या नावावर दुसऱ्यासाठी कर्ज काढू नका, ते नातं कितीही जवळचं असो.

अर्ज दिला की पोच घ्या. "नंतर या" हे उत्तर नाही, नाकारलं असेल तर कारण लेखी मागा. लेखी मागितलं की निम्म्या वेळा फाइल पुन्हा उघडली जाते. नाहीच झालं तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या (लीड बँक, जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणारी) व्यवस्थापकांना भेटा. बँकेकडं लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं फुकट तक्रार करता येते, माहितीचा नंबर १४४४८.

दुसऱ्या कर्जाची तयारी पहिल्याच दिवशी

विक्रीचा पैसा तुमच्या स्वतःच्या खात्यात आला पाहिजे. दुकानात लावलेला क्यूआर कोड नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्याचा असेल, तर तो आजच बदला. वर्षभर चटणी विकली तुम्ही, आणि उलाढाल दिसते त्यांच्या नावावर. मग मोठं कर्ज मागायला गेलात की बँकेला तुमच्या खात्यात गॅसच्या सबसिडीपलीकडं काहीच दिसत नाही. रोख विक्रीही आठवड्याला खात्यात भरा. सीसी असेल तर त्यात पैसा फिरता ठेवा, एकदा उचलून तसंच ठेवलं तर वर्षाच्या नूतनीकरणाला अडचण येते.

हप्ता चुकणार असं दिसलं तर चुकण्याआधी शाखेत या. आजारपण, दुष्काळ, यंत्र बिघडणं, काही असो, आधी सांगितलं तर मुदत वाढवून मिळण्याची वाट असते. खातं सलग ९० दिवस थकलं की एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी वसुली अडलेलं कर्ज, होतं, आणि मग साहेबांच्याही हातात फारसं राहत नाही.

कर्ज फिटलं की "नो ड्यूज" दाखला त्याच आठवड्यात घ्या. यंत्रावरचा बँकेचा बोजा उतरल्याचं पत्र घ्या. महिनाभरानं क्रेडिट रिपोर्ट पुन्हा काढून खातं "बंद" दाखवतंय का ते तपासा, नसेल तर त्याच दाखल्याची प्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज द्या.