मिश्र वंशाच्या केसाळ मेंढीची जात कशी ओळखावी

कागदपत्रे नसलेली एखादी केसाळ, म्हणजे लोकरीऐवजी मुख्यतः केसांचे आवरण असलेली मेंढी कळपात दाखल होते, तेव्हा ती कोणत्या जातीची आहे या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर अपेक्षित असते. मिश्र वंशाच्या जनावराबाबत असे उत्तर क्वचितच खरे ठरते. ती अमुक जातीची शुद्ध मेंढी नाही, हे पुष्कळदा ठामपणे सांगता येते. तिच्यात कोणाचे रक्त असावे, हे मात्र शक्यतेच्या भाषेतच सांगावे लागते, आणि काही गोष्टी डोळ्यांना दिसतच नाहीत. ही मर्यादा सुरुवातीपासून ध्यानात ठेवली, तर निरीक्षणातून मिळणारी माहिती पैदाशीसाठी खरोखर उपयोगी पडते.

समोरचे जनावर मेंढीच आहे ना, याची खात्री आधी करून घ्यावी. लोकर नसलेल्या मेंढीला शेळी समजण्याची चूक वरचेवर होते. मेंढीची शेपूट खाली लोंबते, शेळीची वर उचललेली असते. मेंढीच्या वरच्या ओठाच्या मध्यभागी खोल उभी खाच असते आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली ग्रंथीचा खळगा दिसतो, जो शेळीला नसतो. मेंढीची गुणसूत्रे ५४ आणि शेळीची ६०, त्यामुळे या दोहोंचा संकर जगल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत आणि 'शेळी-मेंढीचा संकर असावा' हा तर्क जवळजवळ नेहमीच सोडून द्यावा.

त्यानंतर वय पाहावे, कारण वय ठाऊक नसताना अंगलटीवरून काढलेला निष्कर्ष फसवा असतो. खालच्या जबड्यातील दुधाच्या दातांची पहिली जोडी साधारण एक ते दीड वर्षाच्या सुमारास पडून तिथे मोठे, रुंद दात येतात. पुढे दरवर्षी एक जोडी याप्रमाणे चार वर्षांच्या आसपास तोंड पूर्ण भरते. दोन दाती मेंढी अजून वाढत असते आणि तिची तुलना जुळलेल्या, म्हणजे तोंड पूर्ण भरलेल्या मेंढीशी करणे योग्य नाही. कोकरांच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे. जन्मतः दाट कुरळे आवरण असलेली कित्येक कोकरे पुढे स्वच्छ केसाळ होतात, आणि जन्माच्या वेळचे तांबूस किंवा करडे डाग वर्षभरात फिके पडू शकतात.

आवरणाची तपासणी हा या कामाचा गाभा आहे, म्हणून तिला वेळ द्यावा. खांदा, बरगड्यांचा मध्यभाग आणि मांडीची मागची बाजू अशा ठिकाणी बोटांनी केस दुभागून कातडीपर्यंत नजर टाकावी. मग प्रत्येक ठिकाणचे चिमूटभर तंतू उपटून काळ्या कागदावर पसरावेत. सरळ, चकचकीत आणि टोकाकडे निमुळते होत जाणारे तंतू म्हणजे केस. बारीक, लहरी, ताणले की लांबणारे आणि सोडले की पुन्हा आक्रसणारे तंतू म्हणजे लोकर. यांच्या जोडीला निस्तेज पांढरे, आखूड, जाड आणि वाकवताच मोडणारे राठ तंतूही सापडतात. त्यांच्या मध्यभागी पोकळी असते, म्हणूनच ते रंगही नीट धरत नाहीत. खांद्यावर केस आणि मांडीवर दाट लोकर असे चित्र दिसले, तर लोकरीच्या जातीचा वाटा बराच असल्याची शंका घ्यावी.

मात्र ही शंका कोणत्या ऋतूत घेतली जात आहे, याला फार महत्त्व आहे. थंड आणि समशीतोष्ण प्रदेशांत शुद्ध केसाळ मेंढीच्या अंगावरही हिवाळ्यात केसांखाली लोकरीचा थर येतो, आणि दिवस मोठे होऊ लागले की तो पुंजक्यापुंजक्याने आपोआप गळतो. म्हणून अंतिम मत ऐन उन्हाळ्यात बनवावे. तोपर्यंत सगळे अंग मोकळे झाले असेल, तर केसाळ वंशाचे पारडे जड आहे. पाठीवर झुलीसारखा लोकरीचा पट्टा तसाच राहिला असेल, तर अर्धवट गळणारा वंश मिसळलेला आहे. केसाळ आणि लोकरीच्या जातींच्या पहिल्या पिढीतील संकराची लोकर सहसा पुरी गळत नाही. पुन्हा केसाळ मेंढा वापरून झालेल्या, म्हणजे तीन-चतुर्थांश केसाळ पिढीत बहुतेकींची गळते. तरीही सख्ख्या बहिणींमध्येसुद्धा या बाबतीत ठळक फरक दिसतात, त्यामुळे आवरणावरून टक्केवारी सांगण्याच्या फंदात पडू नये.

शेपूट हा दुर्लक्षिला जाणारा, पण भरवशाचा पुरावा आहे. अर्थात ती छाटलेली नसेल तरच. पश्चिम आफ्रिकेतून कॅरिबियन बेटांवर पोहोचलेल्या वंशांची शेपूट बारीक, केसाळ आणि पुष्कळदा मागच्या पायाच्या सांध्यापर्यंत किंवा त्याहून खाली पोहोचणारी असते. नामिबियातील दमारा जातीची शेपूट चरबीने भरलेली असते, तर सोमाली वंशाच्या ब्लॅकहेड पर्शियन मेंढीची चरबी पुठ्ठ्यावर आणि शेपटीच्या मुळाशी साठते. अशा मेंढीचा बारीक शेपटीच्या मेंढीशी संकर झाला, की शेपूट मुळाशी रुंद आणि पुढे एकदम निमुळती अशी मधल्या स्वरूपाची होते. हे नुसते पाहून कळत नाही. शेपटीचे मूळ अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून दाबून पाहावे. हाडाच्या दोन्ही बाजूंना मऊ गादी लागली, तर चरबीच्या शेपटीचा पूर्वज असण्याची शक्यता गंभीरपणे विचारात घ्यावी. मेंढी नुसतीच धष्टपुष्ट असेल तर बरगड्यांवर आणि कमरेवरही तेवढीच चरबी हाताला लागेल, हा फरक लक्षात ठेवावा.

शिंगांचा अर्थ जनावराच्या लिंगावर अवलंबून असतो. काही जातींत नर व मादी दोघांनाही शिंगे असतात, काहींत फक्त नरांना, तर काहींत कोणालाच नसतात. ब्रिटनमधील विल्टशायर हॉर्न ही लोकर आपोआप गाळणारी पांढरी जात पहिल्या प्रकारची आहे, त्यामुळे पांढऱ्या, लोकर गाळणाऱ्या मादीला भक्कम शिंगे असतील तर हे नाव मनात यायला हवे. आंध्र प्रदेशातील नेल्लोर जातीत नरांना शिंगे असतात आणि माद्या बहुतांशी भुंड्या असतात. सेंट क्रॉय आणि बार्बाडोस ब्लॅकबेली या कॅरिबियन केसाळ जातींत नर व मादी दोन्ही बिनशिंगी असतात. डोक्यावर हाडाला न जुळलेले लहान खुंट तेवढे कधीकधी दिसतात. खच्ची केलेल्या नराला पुरावा मानू नये, कारण ज्या जातींत फक्त नरांनाच शिंगे येतात तिथे लहानपणी खच्चीकरण झाल्यास शिंगांची वाढ खुंटते.

रंगावरून जात ठरवण्याचा मोह सर्वांत मोठा असतो आणि गफलतीही तिथेच सर्वाधिक होतात. मेंढ्यांमध्ये पांढरा रंग बहुधा प्रभावी असतो, म्हणजे एका पालकाकडून आलेली त्याची एक प्रतही बाकीचे नमुने झाकायला पुरते. भिंतीवर चुन्याचा हात फिरवल्यावर खालचा रंग कळत नाही, तशी पांढऱ्या मेंढीची स्थिती असते. तिच्या आत काळे पोट, गडद तपकिरी रंग किंवा ठिपके यांपैकी काहीही दडलेले असू शकते. म्हणून पांढऱ्या मेंढीच्या रंगावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. याउलट मागे पडणारा एखादा नमुना, उदाहरणार्थ अंगभर पसरलेला अप्रभावी काळा रंग, उघड दिसला तर तो आई आणि वडील अशा दोन्ही बाजूंनी आलेला असतो, ही उपयोगी माहिती आहे.

काळ्या पोटाचे उदाहरण जरा खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे. तांबूस किंवा तपकिरी अंग, काळे पोट, चेहऱ्यावर डोळ्यांपासून नाकाकडे उतरणारे काळे पट्टे, असे जनावर दिसले की बार्बाडोस ब्लॅकबेलीचे नाव लगेच घेतले जाते. परंतु १९०४ साली अमेरिकेत आणलेल्या बार्बाडोस मेंढ्यांचा पुढे मुफ्लॉन ही रानमेंढी आणि राम्बुये ही लोकरीची जात यांच्याशी संकर झाला आणि त्यातून मोठ्या वळणदार शिंगांची जनावरे तयार झाली. २००४ पासून त्यांना अमेरिकन ब्लॅकबेली या वेगळ्या नावाने ओळखले जाते. म्हणजे काळ्या पोटाच्या मेंढ्याला भरदार शिंगे असतील, तर तो शुद्ध बार्बाडोस नव्हे. पण तेवढ्यावरून तो अमेरिकन ब्लॅकबेलीच आहे असेही म्हणता येत नाही, कारण पश्चिम आफ्रिकी मुळाच्या कॅमेरून मेंढीचा रंग असाच असतो आणि तिच्या नरांनाही शिंगे असतात. वेल्समधील टोरडी या लोकरीच्या मेंढीचेही पोट काळेच असते. तेव्हा रंगाने नावांची यादी मिळते. तिच्यातील नावे गाळण्याचे काम शिंगे, शेपूट, आवरण आणि त्या प्रदेशात कोणत्या जाती खरोखर पाळल्या जातात याची माहिती करते. ज्या जातीचे जनावर त्या भागात कधी आयातच झाले नाही, ती जात कितीही साम्य असले तरी यादीच्या तळाशी ठेवावी.

काळे डोके आणि पांढरे अंग हा नमुनाही असाच फसवतो. दक्षिण आफ्रिकेत १९३० च्या दशकात डॉर्सेट हॉर्न आणि ब्लॅकहेड पर्शियन यांच्या संकरातून डॉर्पर जात घडवली गेली. तिचे डोके व मानेचा काही भाग काळा, पाय आखूड, छाती रुंद आणि पुठ्ठा मांसल असतो. त्याच काळ्या डोक्याची मेंढी उंच, सडपातळ आणि पुठ्ठ्यावर चरबी असलेली असेल, तर कौल पर्शियन किंवा सोमाली बाजूला जातो. डोक्याबरोबर पायही गुडघ्यांपर्यंत काळे असतील, तर लोकरीच्या सफोक जातीची आठवण ठेवावी. सफोकचा पांढऱ्या मेंढीशी संकर झाला की चेहरा आणि पाय यांवर काळे-करडे शिंतोडे उठतात, आणि अशी मेंढी केसाळ कळपात जन्मली तरी तिच्या मांडीवर लोकर सापडते.

सर्वांत अवघड प्रकरण कटाडिनचे आहे. अमेरिकेतील मेन राज्यात मायकेल पील यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅरिबियन केसाळ मेंढ्या आणून त्यांचा लोकरीच्या जातींशी संकर सुरू केला, पुढे विल्टशायर हॉर्नचे रक्तही त्यात आले, आणि मेनमधील पर्वताचे नाव या जातीला मिळाले. तिला कोणताही रंग चालतो आणि अंगलट मध्यम असते. साहजिकच डॉर्पर आणि सेंट क्रॉय यांचा संकर कटाडिनसारखाच दिसू शकतो. माझे स्पष्ट मत असे आहे की नोंदणीचा कागद नसेल तर कोणत्याही मेंढीला नुसत्या नजरेने कटाडिन म्हणू नये. विक्री करताना तर मुळीच म्हणू नये, कारण घेणारा त्या नावावर भिस्त ठेवून पुढची पैदास आखतो.

दुसऱ्या कोणाचे मत घ्यायचे असेल, तर छायाचित्रे नीट काढावीत. जनावर सपाट जमिनीवर चारही पायांवर सरळ उभे असावे आणि कॅमेरा त्याच्या खांद्याच्या उंचीवर धरावा. वरून काढलेल्या चित्रात पाय आखूड आणि डोके मोठे दिसते, आणि साधी मेंढीही डॉर्परसारखी भासते. बाजूने, समोरून आणि मागून अशी चित्रे घेऊन त्यांना दात, शेपटीचे मूळ आणि दुभागलेल्या आवरणाची जवळून घेतलेली चित्रे जोडावीत. जमल्यास आई, वडील आणि भावंडे यांचीही चित्रे द्यावीत. एका जनावराच्या अंगावर न दिसणारी लक्षणे भावंडांत उघड झालेली असतात, म्हणून मला ही चित्रे सर्वांत मोलाची वाटतात.

डीएनए चाचणीचा आधार घेता येतो, पण तिच्याकडून काय मिळेल हे आधी समजून घ्यावे. केसांची मुळे, रक्त किंवा कानाचा लहानसा तुकडा नमुना म्हणून पुरतो. चिपवर तपासलेल्या हजारो जनुकीय खुणांची तुलना प्रयोगशाळेकडे असलेल्या जातींच्या संदर्भसंचाशी केली जाते. मेंढ्यांसाठी सुमारे ५०,००० खुणांची चिप वापरात आहे. संदर्भसंचात जी जात नाही ती अहवालात येऊच शकत नाही. तिच्याऐवजी जवळच्या नातलग जातीचे नाव छापून येते. कटाडिनसारखी घडवलेली जात तिच्या घटक जातींत विभागून दाखवली जाण्याचीही शक्यता असते. शिवाय प्रत्येक पालकाकडून निम्मा वारसा नक्की येतो, मात्र आजी-आजोबांचा वाटा बरोबर २५ टक्के नसून त्याच्या आसपास कमी-अधिक होतो, त्यामुळे अहवालातील लहान आकड्यांवर फार भरवसा ठेवू नये. मेंढ्यांच्या मेंदूला होणाऱ्या स्क्रेपी रोगाच्या प्रतिकारासाठी केली जाणारी प्रिऑन जनुकाची चाचणी जात सांगत नाही, आणि पेशीतील मायटोकॉन्ड्रिया या भागाच्या डीएनएची चाचणी केवळ आईच्या बाजूची अतिशय जुनी वंशरेषा दाखवते.

मेंढी पैदाशीसाठी ठेवायची असेल, तर तिची कोकरे हा सर्वांत प्रामाणिक पुरावा असतो. पांढऱ्या मेंढीत दुसरा रंग दडला आहे का, हे पाहण्यासाठी तिला अंगभर अप्रभावी काळ्या रंगाचा मेंढा द्यावा. रंगांच्या क्रमात हा नमुना सर्वांत खालचा असल्याने मेंढीने दिलेला काळ्या पोटासारखा नमुना कोकरात झाकला जात नाही. तिच्यात दुसरा रंग दडलेला असेल, तर प्रत्येक कोकरू रंगीत जन्मण्याची शक्यता निम्मी असते. एकच काळ्या पोटाचे कोकरू जन्मले तरी तिच्यात काळ्या पोटाचा नमुना दडलेला होता हे सिद्ध होते. लागोपाठ पाच कोकरे पांढरी जन्मली, तर रंग दडलेला असूनही असे घडण्याची शक्यता ३२ मध्ये १, म्हणजे सुमारे ३ टक्के उरते. कोकरांची पहिल्या उन्हाळ्यातील केसगळही याच वेळी टिपून ठेवावी.

या सगळ्यानंतर नोंदवहीत जातीच्या रकान्यात एकच नाव भरण्याऐवजी 'डॉर्परसदृश संकर, आई अज्ञात, शेपूट बारीक, पाठीवरील लोकर अर्धवट गळते' अशा स्वरूपाची नोंद तारखेसह करावी, आणि दात, ऋतू किंवा कोकरे यांतून नवी माहिती मिळेल तेव्हा जुनी नोंद न खोडता तिच्याखाली ती वाढवत जावी.