दोरीच्या गाठीवरून ध्रुव मोजा: घरच्या घरी कमाल कसा बनवायचा

जुनी यंत्रं कपाटात बघून अर्धीच कळतात, हातात घेऊन वापरायला लागलो की मगच डोक्यात शिरतात. आता खरं जुनं यंत्र कोण आपल्या हातात देणार, म्हणून कमाल नावाचं यंत्र बेस्ट, संध्याकाळभरात होतो आणि खर्च जवळपास शून्य.

कमाल म्हणजे एक फळी आणि तिच्या मधोमध ओवलेली गाठींची दोरी, एकेका गावाची एकेक गाठ, बास. अरबी समुद्रातले जुने नाखवे याच्यावर ध्रुवताऱ्याची उंची बघायचे. ध्रुव क्षितिजापासून जितका वर, साधारण तितकेच आपले अक्षांश, त्यामुळे दाभोळला यायचं असेल तर भर समुद्रात दाभोळची गाठ दातात धरून ध्रुव फळीच्या वरच्या कडेला बसेपर्यंत उत्तरेला-दक्षिणेला जायचं आणि मग तीच उंची धरून सरळ पूर्वेला सुटायचं.

प्लायवूडची १५ सेमी उंच फळी घ्या, रुंदी ५-६ सेमी किंवा कशीही चालेल. दोरा सुती, मेण चोळलेला, पाऊण मीटर पुरे. तंगूस नको, ताणला जातो आणि गाठ सरकते, सुतळी तर आपल्या दमट हवेत कधी आखडेल सांगता येत नाही.

दोरी सरकेल अशी दातात, फळी समोर धरून दोरी ताठ, एक डोळा बंद, फळीची खालची कड क्षितिजावर आणि वरची ध्रुवाला टेकेपर्यंत फळी पुढेमागे करायची. टेकली की दातापाशी पेनाने खूण, गाठ नंतर सावकाश मारा. हिशोबाने रत्नागिरीची गाठ ५० सेमीवर येते, मालवणची ५३ आणि अलिबागची ४६ च्या आसपास, पण हा हिशोब डोळ्यापासूनचा आहे आणि दोरी असते दातात, शिवाय प्रत्येकाचं तोंड वेगळं, म्हणून कॅल्क्युलेटर ठेवा बाजूला आणि आकाश बघूनच गाठ मारा. तुमचा कमाल मित्राला नीट चालणार नाही, ते तसंच असतं.

आता खरी भानगड. आपला समुद्र पश्चिमेला, ध्रुव उत्तरेला, आणि किनाऱ्यावर उभं राहिलं तर उत्तरेला दिसतो डोंगर नाहीतर माड! होडीतून बाहेर जाता आलं तर उत्तम, नाहीतर गवंड्याकडची लेव्हलची नळी मागून आणा. अंगणात उत्तरेला १० मीटरवर बांबू रोवायचा, नळीत पाणी भरून आपल्या डोळ्याच्या उंचीची खूण बांबूवर करायची, तिथे मंद टॉर्च बांधला की झालं क्षितिज तयार. पण खूण नीट करा, १ सेमी चुकली तर अक्षांशात ६ किमीचा घोळ. दोरीत अर्धा सेमी चुकला तर १८ किमी, म्हणजे गणपतीपुळ्याला जायचं आणि उतरायचं भलतीकडेच.

दुसऱ्या गावची गाठ मारायला जाल तेव्हा आधी शर्मिष्ठा, म्हणजे उत्तरेकडचा M सारखा दिसणारा तारकासमूह, बघा. ध्रुवतारा बरोबर खगोलीय ध्रुवावर, म्हणजे आकाश ज्या बिंदूभोवती फिरताना दिसतं तिथे, नाही, आज साधारण ०.६ अंश बाजूला आहे, शर्मिष्ठेच्या बाजूला. ती वर असली की ध्रुव थोडा वर, खाली गेली की थोडा खाली, आणि हा फरक पकडलाच नाही तर सव्वा अंश इकडचा तिकडे, म्हणजे रत्नागिरी ते मालवणपेक्षा जास्त! म्हणून दोन्ही गावांत शर्मिष्ठा एकाच जागी असताना मोजायचं. १५०० च्या सुमारास तर ध्रुव साडेतीन अंश बाजूला होता, त्या नाखव्यांना ही दुरुस्ती रोजच करावी लागायची.

पावसाळ्यात नाद सोडा. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की संध्याकाळी शर्मिष्ठा छान वर असते, तेव्हा सुरुवात करा. ध्रुव फार ठळक नाही, तेव्हा अंगणातला बल्ब आधी बंद.