सिगारेटवरून व्हेपकडे वळताना या चुका टाळा

ब्रिटनमध्ये डॉक्टरांना सिगारेट सोडायची आहे असे सांगितले, तर ते व्हेपचे (म्हणजे ई-सिगारेटचे, निकोटीन असलेल्या द्रवाची, ‘लिक्विड’ची, वाफ करून ओढण्याच्या विजेवरच्या उपकरणाचे) नाव सुचवतात, यात आता नवल राहिलेले नाही. एप्रिल २०२३ मध्ये इंग्लंडच्या सरकारने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना व्हेपचा प्राथमिक संच मोफत देण्याची योजना जाहीर केली. भारतातून तिथे गेलेल्या मराठी माणसाला हे चमत्कारिक वाटते, कारण आपल्याकडे सप्टेंबर २०१९ पासून या वस्तूच्या विक्रीवरच बंदी आहे. हा लेख ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, सध्या सिगारेट ओढणाऱ्या आणि ती सोडण्यासाठी व्हेपचा कायदेशीर आधार घेऊ पाहणाऱ्या प्रौढांसाठी आहे. ज्यांनी कधी सिगारेट ओढलेली नाही त्यांनी, आणि मुलांनी तर मुळीच, व्हेपच्या वाटेला जाऊ नये. व्हेप निरुपद्रवी नाही आणि त्याच्या दीर्घकालीन परिणामांचा अभ्यास अजून चालू आहे. सिगारेटच्या तुलनेत ते बरेच कमी घातक आहे, आणि ते ज्याच्या उपयोगाचे आहे त्याच्या दृष्टीने ही तुलनाच महत्त्वाची आहे.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत ८८६ जण सहभागी होते. व्हेप वापरणाऱ्यांपैकी १८ टक्के लोक वर्षाअखेरीस सिगारेटपासून मुक्त होते, तर निकोटीनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी), निकोटीनचे च्युइंगम यांसारखे उपाय वापरणाऱ्यांत हे प्रमाण ९.९ टक्के होते. व्हेपची बाजू यातून उजवी ठरते हे खरे, पण पाचातल्या चौघांची सिगारेट व्हेप घेऊनही सुटली नाही, हेही त्याच आकड्यांत लिहिलेले आहे. न सुटण्याची कारणे प्रत्येकाची वेगळी असतात. तरीही काही चुका इतक्या सर्रास होतात की त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

निकोटीनला घाबरून फार सौम्य लिक्विड घेणे

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच. निकोटीनमुळे कर्करोग होतो अशी बहुतेकांची समजूत असते आणि म्हणून पहिल्याच दिवशी प्रति मिलिलिटर ३ किंवा ६ मिलिग्रॅम निकोटीनची बाटली घेतली जाते. निकोटीनची सवय लागते, ती सोडवणेही कठीण असते, परंतु सिगारेटमुळे होणारा कर्करोग, फुप्फुसांचे विकार आणि हृदयविकार यांचे मुख्य कारण तंबाखू जळताना निघणारा धूर, त्यातील डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड हे आहे. दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्याला, विशेषतः सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली पेटवणाऱ्याला, ३ मिलिग्रॅममध्ये काहीच मिळत नाही. तो दिवसभर उपकरण तोंडाला लावून बसतो, तलफ मात्र शमत नाही, आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाकीट घेऊन घरी येतो. ब्रिटनमध्ये कायद्याने प्रति मिलिलिटर जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम निकोटीन चालते, आणि अशा माणसाने सुरुवात १८ ते २० च्या आसपास करणेच योग्य ठरते. मळमळ, गरगरणे, डोके दुखणे किंवा उचक्या ही प्रमाण जास्त होत असल्याची लक्षणे आहेत. ती दिसली तर थांबावे आणि एक पायरी खाली यावे.

याच ठिकाणी आणखी एक गफलत होते. मोठ्या बाटलीत ५० मिलिलिटर बिननिकोटीनचे लिक्विड मिळते आणि त्यात मिसळण्यासाठी १० मिलिलिटरची १८ मिलिग्रॅमची छोटी बाटली दिली जाते. छोट्या बाटलीवरचा १८ हा आकडा पाहून आपण तीव्र लिक्विड घेतले असे वाटते. प्रत्यक्षात १८० मिलिग्रॅम निकोटीन ६० मिलिलिटरमध्ये पसरते आणि हाती उरते ते प्रति मिलिलिटर ३ मिलिग्रॅम. नव्याने वळणाऱ्यांनी तयार १० मिलिलिटरची बाटलीच घ्यावी. निकोटीन सॉल्ट या प्रकारचे लिक्विड २० मिलिग्रॅमलाही घशाला फारसे लागत नाही, त्यामुळे सुरुवातीला ते सोयीचे पडते.

सिगारेटसारखा झुरका घेणे

सिगारेट जोरात ओढली की टोकाचा निखारा फुलतो आणि धूर वाढतो. व्हेपमध्ये जोर लावून काहीच वाढत नाही, उलट लिक्विडच वर खेचले जाते, आतून गुडगुड आवाज येतो आणि जिभेवर कडवट थेंब येतात. झुरका सावकाश, तीन-चार सेकंदांचा आणि हलका असावा. सिगारेटमधले निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते, तर व्हेपमधले साधारणपणे त्याहून हळू चढते. त्यामुळे दोन झुरक्यांत काही झाले नाही म्हणून हे आपल्यासाठी नाही असा निष्कर्ष काढू नये. पहिल्या आठवड्यात तर तलफ अनावर होण्याची वाट न पाहता, नेहमीच्या सिगारेटची वेळ जवळ आली की आधीच काही झुरके घ्यावेत.

उपकरणही त्याला साजेसे हवे. ढगांसारखी वाफ सोडणारी मोठी यंत्रे कमी निकोटीनच्या दाट लिक्विडसाठी बनवलेली असतात. त्यांत २० मिलिग्रॅमचे लिक्विड घातले की पहिल्याच झुरक्याला जबरदस्त ठसका लागतो. सिगारेटवरून येणाऱ्याने घट्ट झुरक्याचे साधे, पॉड (लिक्विडची छोटी, बदलता येणारी कुपी) असलेले उपकरण घ्यावे. त्याची कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी तार, साधारण १ ओहम रोधाची किंवा त्याहून थोडी कमी-जास्त असावी आणि लिक्विडमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन ही दोन्ही द्रावके निम्मी-निम्मी असावीत.

दोन-चार सिगारेटी चालू ठेवणे

दिवसाच्या वीसवरून तीनवर आलो, म्हणजे बहुतेक धोका टळला, असे मनाला पटवणे फार सोपे असते. हृदयाच्या बाबतीत हे गणित चालत नाही. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही वीस ओढणाऱ्याच्या वाढीव हृदयविकाराच्या धोक्यापैकी सुमारे ४० ते ५० टक्के धोका राहतो. म्हणजे जेवणानंतरची ती एक सिगारेट आपण समजतो तितकी किरकोळ नसते. शिवाय ती एक राहिली की पाकीट घरात राहते, लायटर खिशात राहतो, आणि घरात भांडण झाले किंवा कामावर बिनसले की एकाच्या पाच व्हायला वेळ लागत नाही.

दोन्ही एकत्र वापरण्याचा काळ काहींना लागतोच आणि त्यात अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. मात्र त्याला शेवटची तारीख असावी. ती आज ठरवावी, कॅलेंडरवर लिहावी आणि घरच्यांना सांगावी. जी सिगारेट सुटत नाही ती कोणती हे नीट पाहावे. बहुतेकांची ती सकाळच्या चहाबरोबरची असते. रात्रभरात शरीरातले निकोटीन उतरलेले असते आणि व्हेप ती उणीव तेवढ्या झपाट्याने भरून काढत नाही. अशा वेळी धूम्रपान सोडवणाऱ्या स्थानिक सेवेत विचारून व्हेपच्या जोडीला निकोटीनचा पॅचही लावता येतो. एखाद्या दिवशी चुकून सिगारेट ओढली गेली, तर पाकीट फेकून द्यावे. व्हेप फेकून देऊन मूळ सवयीकडे परतण्याचा उलटा व्यवहार करू नये.

तंबाखू चघळणाऱ्यांनी किंवा मिश्री लावणाऱ्यांनी ती चालू ठेवून व्हेप धरले, तर तोंडाच्या कर्करोगाचा धोका जागच्या जागी राहतो, हेही इथेच सांगितले पाहिजे.

जळका वास, गळती आणि खोकला

कित्येकांचा प्रयत्न मोडतो तो इच्छाशक्ती कमी पडली म्हणून नव्हे, तर वस्तू नीट चालेना म्हणून. नवीन कॉइल हातात घेऊन पाहिली तर तिच्या कडेला छोटी छिद्रे आणि त्यांतून डोकावणारा पांढरा कापूस दिसतो. हा कापूस पूर्ण भिजण्याआधी बटण दाबले की तोच जळतो, घशात करपलेला धूर जातो, आणि एकदा करपलेली कॉइल पुन्हा कधीच नीट होत नाही. म्हणून छिद्रांवर लिक्विडचे एक-दोन थेंब सोडावेत, टाकी भरावी आणि दहा मिनिटे उपकरण उभे ठेवून द्यावे. लागोपाठ झुरके घेतल्यानेही कापूस कोरडा पडतो, म्हणून मध्ये अर्धा मिनिट जाऊ द्यावे. कॉइल साधारण एक ते दोन आठवडे टिकते आणि गोड चवीच्या लिक्विडने ती लवकर काळी पडते. गळती होत असेल, तर टाकी काठोकाठ भरलेली नाही ना, कॉइल घट्ट बसली आहे ना आणि रबरी कडे दुमडलेले नाही ना, हे क्रमाने तपासावे.

सुरुवातीला थोडा खोकला येणे आणि घसा कोरडा पडणे नेहमीचे आहे. व्हेपच्या लिक्विडमधील द्रावके ओलावा शोषतात, त्यामुळे पाणी जास्त प्यावे. छातीत दुखणे, दम लागणे किंवा न थांबणारा खोकला मात्र सवयीवर सोडून देऊ नये, डॉक्टरांना गाठावे.

चहा आणि औषधे यांच्याकडे दुर्लक्ष

सिगारेट सोडल्यावर झोप उडते, हात थरथरतात, जीव घाबरा होतो आणि खापर व्हेपवर फुटते. कारण कित्येकदा चहा-कॉफी हे असते. धुरातील काही घटक यकृतातल्या एका विकराला (एन्झाइमला) वेग देतात, त्यामुळे धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरातून कॅफीन झपाट्याने बाहेर पडते. धूर थांबला की तेवढाच चहा दुप्पट लागू पडल्यासारखा होतो, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत चहा-कॉफी निम्म्यावर आणावी. याच कारणाने क्लोझापिन, ओलान्झापिन आणि थिओफिलिन या औषधांची रक्तातली पातळीही वाढू शकते. ही औषधे चालू असतील तर सिगारेट सोडण्याआधीच डॉक्टरांना कल्पना द्यावी, आणि मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नये.

कुठूनही काहीही विकत घेणे

ब्रिटनमध्ये टाकी २ मिलिलिटरची आणि निकोटीन असलेली बाटली १० मिलिलिटरची असा नियम आहे, तसेच निकोटीन असलेल्या प्रत्येक उत्पादनाची नोंद औषध नियामकाकडे व्हावी लागते. एकदाच वापरून फेकण्याच्या व्हेपची विक्री १ जून २०२५ पासून तिथे बंद झाली आहे. तरीही ती गल्ल्यामागून काढून देणारा दुकानदार भेटला, तर त्या लिक्विडमध्ये काय आहे याची हमी कोणीच देत नाही हे लक्षात ठेवावे. अमेरिकेत २०१९ मध्ये फुप्फुसांच्या गंभीर इजेची जी साथ पसरली, तिचा संबंध प्रामुख्याने अनधिकृत गांजायुक्त लिक्विडमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी आढळला होता.

घरात लहान मूल असेल तर बाटली कुलूपबंद ठेवावी. २० मिलिग्रॅमच्या एका बाटलीत २०० मिलिग्रॅम निकोटीन असते आणि लहानग्याने ते गिळले तर जिवावर बेतू शकते. सुटी बॅटरी नाणी किंवा किल्ल्यांसोबत खिशात टाकू नये, आणि उपकरण रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नये.

निकोटीन उतरवण्याची घाई

महिनाभरात शून्यावर यायचे असा पण करणारे बहुधा सिगारेटकडे परततात. सिगारेट पूर्ण सुटून काही महिने गेले आणि ताणाच्या प्रसंगीही तिची आठवण होईनाशी झाली, की मग २० वरून १०, नंतर ६ आणि ३ असे उतरावे. एखाद्या पायरीवर झुरक्यांची संख्या एकदम वाढली, तर तिथेच काही आठवडे थांबावे. व्हेपही शेवटी सोडायचेच आहे, पण आधी सिगारेट.

भारतात सुट्टीवर जाताना सोबत नेणे

२०१९ च्या कायद्याने भारतात ई-सिगारेटची आयात, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे, आणि आयात किंवा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. स्वतःपुरते आहे, असे म्हणून ते बॅगेत टाकणे हा धोका कोणीही पत्करू नये. सिंगापूरमार्गे जाणाऱ्यांनी तर अधिकच सावध राहावे, कारण तिथे व्हेप नुसते जवळ बाळगणेही गुन्हा आहे.

खरी अडचण पोहोचल्यावर सुरू होते. व्हेप नाही, जुने मित्र टपरीवर उभे आहेत आणि सुटी सिगारेट सहज मिळते. यावरचा उपाय विमानात बसण्याआधीच करावा लागतो. निघण्याच्या आठवडाभर आधी फार्मासिस्टच्या सल्ल्याने पॅचवर यावे आणि मुक्कामापुरते पॅच सोबत न्यावेत. अचानक येणाऱ्या तलफेसाठी २ मिलिग्रॅमचे निकोटीन च्युइंगम भारतात औषधांच्या दुकानात मिळते. सल्ला हवा असल्यास राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक आहे. च्युइंगम साध्या च्युइंगमसारखे सतत चघळू नये. तिखट चुणचुण जाणवेपर्यंत चघळावे, मग गाल आणि हिरडी यांच्या मध्ये ठेवून द्यावे आणि चुणचुण ओसरली की पुन्हा चघळावे. असे अर्धा तास चालते. चहा, कॉफी किंवा सरबत यांमुळे तोंडातून निकोटीन शोषले जाण्यात अडथळा येतो, आणि गावी तर प्रत्येक घरी चहा पुढे येतो. म्हणून चहा आधी संपवावा, पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत आणि मगच च्युइंगम तोंडात टाकावे.