व्हर्च्युअल मशीनमध्ये फाइल पाठवताना एससीपी की आरसिंक?

व्हर्च्युअलबॉक्सवर (एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर) लिनक्स मशीन नॅट जोडणीने (यात मशीन यजमानाच्या आड राहून नेटवर्क वापरते) चालवत असाल, तर यजमान संगणकावरून, म्हणजे ज्यावर ते चालते त्या मूळ संगणकावरून, त्या मशीनपर्यंत थेट पोहोचता येत नाही. म्हणून सेटिंगमधील पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये यजमानाचे २२२२ हे पोर्ट (नेटवर्क जोडणीचे क्रमांकित दार) मशीनच्या २२ क्रमांकाच्या पोर्टशी जोडावे आणि मशीनमध्ये एसएसएच (दुसऱ्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करण्याची पद्धत) सर्व्हर सुरू असल्याची खात्री करावी. त्यानंतर एखाददुसरी फाइल पाठवायला एससीपी (एसएसएचवरून फाइलींची नक्कल करणारी आज्ञा) पुरेसे आहे. मात्र पोर्ट सांगताना एसएसएचला स्मॉल पी लागतो, तर एससीपीला कॅपिटल पी. एससीपीमध्ये स्मॉल पीचा अर्थ फाइलची मूळ वेळ आणि परवानग्या जपणे असा होतो, त्यामुळे चुकून तो दिल्यास आज्ञा फसते आणि कारण चटकन लक्षात येत नाही. मशीनमधून फाइल बाहेर आणायची असल्यास तीच आज्ञा यजमानावरूनच द्यावी, फक्त स्रोत आणि ठिकाण यांची अदलाबदल करावी.

मोठे फोल्डर वारंवार हलवायचे असेल, तर माझ्या मते आरसिंक या दोन ठिकाणच्या फाइली जुळवून ठेवणाऱ्या साधनाला पर्याय नाही, कारण ते फक्त बदललेल्या फाइलींचीच नक्कल करते आणि कॅपिटल पी दिल्यास अर्धवट राहिलेली फाइल टाकून देत नाही. आरसिंक दोन्ही बाजूंना असावे लागते. स्रोत फोल्डरच्या नावापुढील तिरप्या रेघेकडे विशेष लक्ष द्यावे: ‘फोटो/’ लिहिल्यास आतल्या फाइली थेट ठिकाणी जातात, नुसते ‘फोटो’ लिहिल्यास तिथे त्या नावाचे फोल्डर तयार होते. विशेषतः डिलीटचा पर्याय (स्रोतात नसलेल्या फाइली ठिकाणावरून पुसणारा) जोडणार असाल, तर आधी एन आणि व्ही हे पर्याय देऊन कोरडी चाचणी घ्यावी, म्हणजे काय पुसले जाणार आहे हे काहीही न हलवता पडद्यावर दिसते.