ऑफर आली म्हणून लगेच 'हो' म्हणताय? आधी या चुका टाळा

माझी सगळ्यात मोठी चूक आधीच सांगून टाकतो. एचआरचा फोन आला, "तुमचं फायनल झालंय, लेटर दोन दिवसांत येईल", आणि मी त्याच संध्याकाळी आहे त्या नोकरीचा राजीनामा टाकून मोकळा! ते दोन दिवस पाच आठवडे चालले, आणि लेटर आलं तेव्हा फोनवर ठरलेल्या आकड्यातला चांगला मोठा तुकडा व्हेरिएबलमध्ये, म्हणजे मिळेलच याची हमी नसलेल्या पगारात, ढकललेला. भांडणार कशाच्या जोरावर, हातात एक साधा मेल नव्हता. तेव्हा लेटर हातात येईपर्यंत ऑफर आलीच नाही असं समजा.

दुसरी चूक म्हणजे सीटीसीला, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाला, सरळ बाराने भागणं. १२ लाखांचं पॅकेज म्हणजे महिना लाख, असं म्हणून लोक फ्लॅटचा हप्तासुद्धा ठरवून टाकतात. लेटरच्या शेवटी पगाराचा तक्ता असतो ना, तो कॅल्क्युलेटर घेऊन बघा. समजा १० टक्के व्हेरिएबल, गेले १ लाख २० हजार. बेसिक ६ लाख धरला तर कंपनीच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ ७२ हजार आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी जवळपास २९ हजार, आणि ही ग्रॅच्युइटी पर्मनंट माणसाला साधारण पाच वर्षं टिकल्यावरच मिळते. उरले महिन्याला साडेएक्याऐंशी हजार, त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ ६ हजार आणि प्रोफेशनल टॅक्सचे २०० (फेब्रुवारीत ३००) वजा करा. हातात ७५ हजारांच्या आसपास. पीएफ तुमचाच आहे हे खरं, पण घरमालक पीएफ पासबुक बघून भाडं कमी करत नाही.

व्हेरिएबल मागच्या दोन वर्षांत किती टक्के दिलं हे एचआरला बिनधास्त विचारा. उत्तर गोलगोल आलं तर ते शून्य धरून हिशोब करायचा.

जॉइनिंग बोनस दिसला की डोळे चमकतात, माझेही चमकले होते, पण खालची ओळ वाचा: वर्षाच्या आत सोडलंत तर परत. आणि कधी कधी परत मागताना टॅक्स कापायच्या आधीची रक्कम मागतात, म्हणजे जे हातात आलंच नाही तेही भरा.

नोटीस पिरियडचं पण आधी ठरवा. तुमचा ९० दिवसांचा आणि त्यांना माणूस ३० दिवसांत हवा असेल तर बायआउटचे, म्हणजे उरलेल्या नोटीसच्या बदल्यात द्यायचे पैसे कोण भरणार, आणि तुमची आत्ताची कंपनी बायआउटला तयार तरी आहे का?

कोणी लॅपटॉपचं डिपॉझिट किंवा ट्रेनिंग फी मागितली तर तिथेच विषय बंद.

आणि हो, पुण्यात ऑफिस हिंजवडी फेज ३ ला आणि तुम्ही हडपसरला असाल, तर लेटरवर सही करायच्या आधी एखाद्या सोमवारी सकाळी ९ ला खरंच तिथपर्यंत जाऊन या, रविवारी दुपारी मॅप बघून ठरवू नका.