थायरॉइड काढल्यानंतर टीएसएच खाली येईना, तेव्हा

पूर्ण ग्रंथी काढली की लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइड हार्मोनची गोळी) जन्मभराचं, हे मी स्वीकारलं होतं. पण डोस वाढवूनही टीएसएच (थायरॉइड हार्मोन कमी पडलं की रक्तात वाढणारं हार्मोन) वरच. अंग जड, केस गळताहेत, भर उन्हाळ्यात पाय गार. एंडोक्रिनॉलॉजिस्ट (हार्मोनतज्ज्ञ) मॅडमनी डोसला हात न लावता विचारलं, "कॅल्शियम कधी घेता?" ऑपरेशननंतर पॅराथायरॉइड (शेजारच्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या छोट्या ग्रंथी) मंदावल्या म्हणून ते सुरू होतं, आणि डिस्चार्जच्या कागदावर दोन्ही गोळ्यांपुढे नुसतं 'सकाळी' लिहिलेलं. कॅल्शियम पोटात थायरॉइडच्या गोळीला धरून ठेवतं, नीट शोषूच देत नाही. लोहाची गोळीही तेच करते. थायरॉइडच्या गोळीत आणि या दोन्हींत किमान 4 तासांचं अंतर हवं.

आता उठल्या उठल्या गोळी, फक्त पाण्याबरोबर. चहा तासाभराने (सगळ्यात अवघड हेच, सासूबाईंचं आधण तोवर उकळत असतं). कॅल्शियम दोन्ही जेवणांनंतर. लगेच तपासून उपयोग नव्हता. टी4 (या गोळीतलं हार्मोन) रक्तातून निम्मं व्हायलाच सुमारे 7 दिवस लागतात, म्हणून 6 ते 8 आठवडे थांबले. त्याच डोसवर टीएसएच उतरला. केसांसाठी बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) घेत असाल तर तपासणीआधी किमान 2 दिवस बंद ठेवा, आकडे फसवे येतात. कॅन्सरमुळे ग्रंथी काढली असेल तर टीएसएच किती ठेवायचा, हे डॉक्टर वेगळं ठरवतात.